काळ्या जिभांचा रविवार

"जिभा बाहेर," वस्तादांनी हुकूम सोडला आणि पन्नास बाप्यांनी एकदम जिभा बाहेर काढल्या.

कारखान्याच्या रिकाम्या गोदामात बाकं मांडली होती. दर रविवारी सकाळी दहाला हा सोहळा चाले. वस्ताद टॉर्च घेऊन रांगेतून फिरत, एकेकाच्या तोंडात उजेड पाडत आणि रंग बघून निकाल देत. काळीकुट्ट जीभ दिसली की पाठीवर थाप. राखाडी दिसली तर, "अजून चार दिवस, फौज कामाला लागलीय." गुलाबी दिसली तर मात्र त्या माणसाची खैर नसे. "रस घेतोस ना नेमानं? का ओततोस मोरीत?" सगळं गोदाम हसायचं आणि तो बिचारा पुढच्या रविवारी दुप्पट रस ढोसून यायचा.

"मला सांगा," वस्ताद म्हणाले, "कढईत शिसं वितळलं की वर काय येतं?"

"मळी," पन्नास जण म्हणाले.

"रंग कसा?"

"काळा."

"आणि मळी वर आली म्हणजे खाली काय राहिलं?"

"शुद्ध माल."

"झालं तर मग. वीस-वीस वर्षं अंगात मुरलेलं शिसं जिभेवर येतंय आणि तिकडे दवाखान्यात सुया टोचून कागदावर आकडे मांडतायत. आकडा कुणाला दिसतो? जीभ दिसते. पोटातल्या फौजेनं शिसं धरलं, वर आणून टाकलं. आपलं काम एवढंच, फौजेला रोज रस पाजायचा."

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. त्या दवाखान्यात सुया टोचणारी ती मीच. रक्त काढते, तपासते, त्यात शिसं किती तो आकडा लिहिते; गेली चौदा वर्षं हेच काम. बाकावर तिसऱ्या रांगेत माझा थोरला भाऊ बसला होता. त्याचीही जीभ बाहेर होती आणि ती चांगली बुटाच्या पॉलिशसारखी काळी होती.

आमच्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवतात. मोठ्या कढईत ते वितळलं की काळी मळी तरंगते, ती लांब दांड्याच्या झाऱ्यानं ओढून काढायची आणि खालचं चकचकीत शिसं साच्यात ओतायचं. मळीचा रंग ओळखणं हीच खरी कारागिरी. कढईवरचा माणूस थर्मामीटरकडे ढुंकूनही बघत नाही, नुसत्या रंगावर सांगतो की माल तयार आहे की नाही. वस्तादांनी तीस वर्षं कढई सांभाळली होती आणि या पन्नासांतल्या बहुतेकांच्या हातात पहिला झारा त्यांनीच दिला होता. माझा दादा तर एकदा तोल जाऊन कढईत जायचाच. वस्तादांनी कॉलर धरून मागे ओढला. त्या दिवसापासून आमच्या घरात वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं त्यांनी हा रस काढला. आंबवलेलं ताक, त्यात एक पांढरी पूड. बाटली हलवून सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घ्यायचे. रसाबरोबर पथ्यं होती. फौज म्हणजे पोटातले जंतू, ते जिवंत, म्हणून साबण वर्ज्य, कारण साबणानं जंतू मरतात. सुई वर्ज्य, कारण फौज रक्तावाटे पळून जाते. तोंडावरचा मास्क ऐच्छिक, कारण आत येईल ते फौज बघून घेईल. कारखान्याच्या न्हाणीघरातला बॉयलर नुकताच बंद पडला होता आणि तो दुरुस्त करा म्हणून कामगार ओरडत होते. साबणच वर्ज्य झाल्यावर ती ओरड बंद पडली. गोदाम रविवारी वापरायला मालकानं का दिलं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या बुधवारी दुपारी वहिनी दवाखान्यात आली. पदराआड चिमी होती. चिमी म्हणजे माझी भाची, सहा वर्षांची.

"तुझ्या दादाला सांगू नकोस," वहिनी दारातच म्हणाली. "सुई टोचलेली कळली तर घर डोक्यावर घेईल. पण हिचं पोट सारखं दुखतंय. चिडचिड करते. आणि परवा शाळेतल्या बाईंनी बोलावलं होतं. दिवाळीआधी शंभरापर्यंत म्हणायची ती आता तिसाच्या पुढे अडखळते."

"रस देता हिला?"

"वस्ताद स्वतः येऊन चमचा भरवतात. म्हणतात, पोरीची जीभ बघ कशी झाली. मोठ्यांपेक्षा लवकर काम करतोय रस."

"आत्या, मी जीभ दाखवू?" चिमीनं विचारलं आणि दाखवली. काळी होती.

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. सहा महिन्यांपूर्वी सगळ्या कामगारांच्या मुलांची तपासणी झाली तेव्हा तिचा आकडा चौदा होता. लहान मुलाच्या रक्तात शिसं मुळीच नसावं, चौदा हेच खूप वाईट. तेव्हा डॉक्टरांनी दादाला बजावलं होतं की कारखान्यातच अंघोळ कर, कामाचे कपडे घरी आणू नकोस, पोरीला जवळ घेण्याआधी हात धू. दादानं दोन महिने अगदी नेमानं ते केलं होतं. मग रस सुरू झाला.

संध्याकाळी आकडा आला. एकोणतीस.

मी तो पुन्हा तपासला. पुन्हा एकोणतीस. 

वहिनीला शब्द दिला होता, म्हणून दादापाशी आकड्याचा विषय काढला नाही. नुसतं म्हटलं, "दादा, चिमीची तपासणी करून घेऊ. आणि तू काही दिवस पॅकिंगला जा, कढईवरून उतर."

"पॅकिंगला? खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला? अठरा वर्षं कढईवर आहे मी."

"पोरीसाठी सांगतेय."

"पोरीसाठीच चाललंय सगळं. तिच्या जिभेवर शिसं येतंय बाहेर, माझ्या डोळ्यांनी बघतोय रोज. तू मला रंग शिकवणार? अगं, तुझी आयुष्यभराची कमाई म्हणजे एक कागद. आणि वस्तादांनी मला जिवंत ठेवलाय."

 मळीच्या रंगावर ज्याचं पोट चालतं त्याला मी काळ्या रंगावर विश्वास ठेवू नकोस म्हणत होते. दादा मूर्ख नाही. उलट, कारागीर होता म्हणूनच फसला. खोक्यांना चिकटपट्ट्या लावणारा कदाचित फसला नसता.

दादाच्या घरातून मी अर्धी बाटली उचलली. तळाशी पांढरा साका होता. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि महाविद्यालयातल्या रसायनाच्या प्रयोगशाळेत पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं: बिस्मथ. पोटातल्या जखमेवर देतात त्या गोळ्यांतलं.

"हं," बाई म्हणाल्या. "जिभेवर आणि आतड्यात जे जंतू असतात ते अन्नातून एक वायू काढतात, सडक्या अंड्याच्या वासाचा. तो बिस्मथला लागला की काळी पूड तयार होते. शिशाचा संबंध नाही. गोळी थांबली की काळेपणा आपोआप जातो. अगं, आपल्याकडेच कोणीतरी आलं होतं ना अशी काळी जीभ घेऊन? घाबरून?"

आलं होतं. मला पुसट आठवत होतं, माणूस आठवत नव्हता. मी जुने केसपेपर काढले. चौथ्या गठ्ठ्यात सापडला. 'जीभ काळी, शौचास काळी, पोटाच्या जखमेची गोळी चालू. रुग्णास समजावून सांगितले.' खाली माझी सही. वर नाव वस्तादांचं.

मग सगळं डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षांपूर्वीची सकाळ. एवढा धिप्पाड माणूस स्टुलावर अंग चोरून बसला होता. "ताई, घटका भरली का माझी?" म्हणाला. मला त्यांची कणव आली. दादाचा जीव वाचवणारा माणूस. मी अर्धा तास दिला त्यांना. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला आतडं काढलं, त्यात ठिपके काढले, हे जंतू, हा वायू, ही काळी पूड. ते इतकं मन लावून ऐकत होते की मला हुरूप चढला. त्यांनी विचारलं, "मग हे जंतू शिसंही धरत असतील?" किती छान प्रश्न. मी म्हटलं, हो, काही जंतू थोडंफार धरतात. जेवणातून, धुळीतून पोटात गेलेलं शिसं त्यांच्या अंगाला चिकटतं आणि शौचावाटे बाहेर जातं, तेवढं रक्तात जायचं वाचतं. पण जे रक्तात गेलं, हाडात मुरलं, तिथे त्यांचा हात पोचत नाही. श्वासातून आलेलं तर त्यांच्या वाटेलाच येत नाही. शास्त्रज्ञ अजून शोधतायत, औषध म्हणून भरवसा ठेवावा असं काही नाही.

त्यांनी पाकिटाची घडी करून खिशात ठेवली. चौदा वर्षांत माझं इतकं लक्षपूर्वक कोणी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईला कौतुकानं सांगितलंही होतं.

माझं खरं त्यांनी बरोबर अर्ध्यावर कापलं होतं. 'धरतात' एवढं ठेवलं आणि 'पण'पासून पुढचं फेकून दिलं. चिमीच्या तोंडात गेलेला प्रत्येक चमचा माझ्या त्या अर्ध्या तासानं भरला होता. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, रविवारी दहाला आम्ही गोदामात गेलो. आम्ही म्हणजे मी, डॉक्टरीणबाई, पोस्टमन आणि चौकातल्या शिंपीणबाई. मागून वहिनी आली. दादानं तिच्याकडे भुवया उंचावून पाहिलं, पण ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली.

वस्तादांचं टॉर्च फिरवणं चालू होतं. मी म्हटलं, "वस्ताद, आज यांच्याही जिभा तपासा."

डॉक्टरीणबाई, पोस्टमन आणि शिंपीणबाई, तिघांनी जिभा काढल्या. काळ्याभोर. गोदामात कुजबुज सुरू झाली. चार दिवस तिघांनी वस्तादांच्याच बाटलीतला रस घेतला होता. शिंपीणबाई तर चव आठवून अजून तोंड वाकडं करत होत्या.

"वा," वस्ताद म्हणाले. "म्हणजे यांच्याही अंगात शिसं होतं. हवेत असतंच. फौजेनं काढलं."

"बरं. आता ही जीभ बघा," मी म्हटलं आणि शेवटच्या बाकावरच्या बोक्याला उठवलं. बोका म्हणजे कढईवरचा सगळ्यांत जुना माणूस, मिश्यांवरून पडलेलं नाव. गेल्या वर्षी त्याचा आकडा बासष्ट होता, अख्ख्या कारखान्यात सर्वांत वरचा, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे हात कापायचे, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. दर रविवारी टॉर्च शेवटच्या बाकापर्यंत यायच्या आत तो बाहेर सटकायचा, हे मागच्या भिंतीशी उभी असताना मी पाहिलं होतं.

बोक्यानं जीभ काढली. लहान पोरासारखी गुलाबी.

"तू रस घेत नाहीस?" वस्तादांनी दरडावलं.

"घेतो की. म्हणजे बाटली घेतो," बोका म्हणाला. "आंबट लागतं म्हणून कुंडीत ओततो. झाडसुद्धा वाळलं."

लोक हसले आणि मधेच थांबले. मी तीच संधी साधली. "तुम्ही कारागीर आहात. मी आकडा सांगणार नाही, रंगच विचारते. शिंपीणबाई जन्मात भट्टीजवळ गेल्या नाहीत, त्यांची जीभ काळी. बोक्याच्या हाडांत शिसं भरलंय, त्याची गुलाबी. समजा, कढईत शिसं नाहीच, नुसतं पाणी आहे, आणि तरी वर मळी दिसली, तर तुम्ही काय म्हणाल?"

 मग बोकाच म्हणाला, "वरून कोणीतरी टाकलंय म्हणेन."

"तेच झालंय," मी म्हटलं आणि बिस्मथचं सांगितलं. जंतू, वायू, काळी पूड, प्रयोगशाळेचा कागद, सगळं. जिभेवर येत होतं ते रसातूनच येत होतं.

वस्तादांनी टॉर्च बंद केला. मला वाटलं, आता नाकारतील. ते शांतपणे म्हणाले, "विचारा हिला, हे मला कोणी शिकवलं. हिनंच. पाकिटावर चित्र काढून. फौजेचं हिनंच सांगितलंय मला."

पन्नास माना माझ्याकडे वळल्या. दादाचीही.

"खरं आहे," मी म्हटलं. "मीच सांगितलं. जंतू पोटातलं थोडं शिसं धरतात, हे माझं. रक्तातलं धरत नाहीत, हेही मी सांगितलं होतं, ते तुम्ही गिळलंत. साबण सोडा, मास्क सोडा, सुई नको, हे कोणाचं?"

"लोकांना धीर हवा असतो, ताई. तुझं 'पण, पण, पण' ऐकायला कोण आलं असतं? मी घरी बसल्यावर वर्षभर एक माणूस माझ्या दारात फिरकला नाही. आता पन्नास येतात. कोणाचं काय वाईट केलं मी? ताकच पाजलं ना?"

तेव्हा वहिनी उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली.

"आमच्या चिमीचा आकडा चौदा होता," ती म्हणाली. आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला. "मागच्या आठवड्यात तपासला. एकोणतीस आहे. हे रोज भट्टीची धूळ अंगावर घेऊन घरी येतात आणि तिला मांडीवर घेतात. हात धुवा म्हटलं तर म्हणतात, फौज मरेल."

दादा उभा राहिला. तो माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. तो वस्तादांसमोर जाऊन थांबला, अगदी जवळ.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "ते काळं कशाचं आहे, तुम्हाला माहीत होतं. आणि माझ्या घरी बसून तुम्ही तिला भरवलंत."

वस्ताद टॉर्च खिशात घालू लागले, पण दादा हलला नाही.

"तुम्ही मला त्या दिवशी का ओढलंत मागे?"

 दादा तिथेच खाली बाकावर बसला, तोंड झाकून घ्यायला हात वर नेले आणि तसेच हवेत थांबवले. स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला. इतक्या वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

सोमवारी कामगारांनी बॉयलर चालू होईपर्यंत कढई पेटवली नाही. गुरुवारी बॉयलर चालू झाला. चार महिने न मिळालेला सुटा भाग तीन दिवसांत मिळाला. दादानं पॅकिंग मागून घेतलं. वस्ताद गाव सोडून मुलीकडे गेले, कोणी पोचवायला गेलं नाही. मीही नाही.

परवा चिमीची पुन्हा तपासणी केली. सात महिन्यांनी आकडा सोळावर आलाय. दादानं विचारलं, "उतरला म्हणजे झालेलं भरून येतं ना?" त्याला खोटं सांगणं किती सोपं होतं. एक शब्द पुरला असता, आणि तो त्या रात्री शांत झोपला असता. मी म्हटलं, "रक्तातलं उतरतंय. डोक्यावर जो परिणाम झाला तो किती राहील, मला माहीत नाही. कोणालाच आज सांगता येणार नाही."

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर जवळ ओढलं. मग म्हणाला, "पुढची तपासणी कधी?"

लोक मला विचारतात, आता रुग्णांना समजावून सांगणं बंद केलं असशील? नाही केलं. फक्त एकेकट्याला पाकिटावर सांगत नाही. महिन्यातून एकदा त्याच गोदामात सगळ्यांना सांगते, म्हणजे कोणी अर्धं कापलं तर उरलेलं अर्धं दुसऱ्याला आठवेल. तुम्हालाही एवढंच सांगणं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर दिपून जाऊ नका, दोन प्रश्न विचारा: ज्याला रोग नाही त्याच्यावरही हे असंच होतं का? आणि मोजमाप करू नका असं हा मला का सांगतोय? विचारणारा माणूस उद्धट ठरला तरी चालेल. आमच्या गोदामात पन्नास नम्र माणसं दर रविवारी जिभा काढून बसत होती, आणि सहा वर्षांची एक पोर तिसाच्या पुढचे आकडे विसरत होती.